ध्वनिमुद्रिकांचे तुलनात्मक श्रवण आणि पाठचिकित्सेची दृष्टी

शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रिका चारचौघांत बसून ऐकणे, एकाच रागाच्या किंवा एकाच पदाच्या निरनिराळ्या तबकड्या एकामागून एक लावणे आणि त्यांच्या गुणदोषांविषयी वाद घालणे हा महाराष्ट्रातील रसिकांचा जुना छंद आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हा छंद प्रत्यक्ष बैठकीला जोड म्हणून वाढला. जिल्ह्याच्या गावी मात्र त्याला बैठकीचीच जागा घ्यावी लागली. जळगाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर असले तरी नामवंत गवई त्या मार्गाने बहुधा पुढे निघून जात. धुळे तर मुख्य मार्गापासून बाजूला, चाळीसगावहून निघणाऱ्या फाट्यावर. नाटकमंडळ्यांचे मुक्काम खानदेशात पडत आणि त्यांच्याबरोबर गाणेही येई. परंतु ख्यालगायनाची बैठक हा तेथील रसिकाच्या वाट्याला क्वचित येणारा योग होता. नागपूर केंद्र १९४८ साली, पुणे केंद्र १९५३ साली आणि इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाल्यावर आकाशवाणीने ही उणीव काही अंशी भरून काढली. तथापि आकाशवाणीवरील गायन ऐकता ऐकता नाहीसे होई. जे पुन्हा ऐकता येई, मित्राला ऐकवता येई आणि दुसऱ्या गवयाच्या गायनाशेजारी ठेवून पाहता येई, ते केवळ तबकडीवरील.

अशा श्रवणातून जी मते तयार होतात त्यांना संगीतसमीक्षेत कितपत स्थान द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. बैठकीच्या संस्कारात वाढलेल्या जाणकारांचा सूर सामान्यतः असा असतो की, तबकडी म्हणजे गायनाची सावली. सावल्यांची तुलना करून माणसांची उंची ठरवता येत नाही. ह्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. पंडित भीमसेन जोशी यांना गायनाचा ध्यास लागला तो लहानपणी ऐकलेल्या अब्दुल करीमखाँ यांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या तबकडीने, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलेले आहे. गदगसारख्या गावातील एका मुलाने सावलीवरून मूळ वस्तूची ओढ घेतली आणि त्याचा परिणाम महाराष्ट्र-कर्नाटकाच्या गायनावर पुढे साठ-सत्तर वर्षे टिकला. तबकडी काहीतरी खरे पोहोचवते, एवढे तरी त्यावरून मान्य करावे लागेल. प्रश्न उरतो तो असा की, ती नेमके काय पोहोचवते आणि काय पोहोचवत नाही.

ह्या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी खुद्द धुळ्यातच सापडते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यास निधन झाले आणि पुढील वर्षी तेथे त्यांच्या नावाने इतिहास संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची जी प्रत प्रसिद्ध केली, तिच्या प्राचीनत्वाविषयी पुढे मतभेद झाले. परंतु मराठी अभ्यासकांना त्या निमित्ताने एक शिस्त लागली. ती अशी की, हाती आलेली पोथी म्हणजे ग्रंथ नव्हे, ती ग्रंथाची एक साक्षी आहे. लेखकू कोण, कोणत्या काळचा, त्याच्या हातून कोणत्या प्रकारच्या चुका होतात, हे आधी ओळखावे. मग दोन-तीन पोथ्या शेजारी ठेवून जो पाठ सर्वांत मिळतो त्यावरून मूळ पाठाचे अनुमान करावे. तबकडीलाही हीच कसोटी लावली पाहिजे. तबकडी हे गायन नव्हे आणि केवळ सावलीही नव्हे. ती साक्षी आहे, आणि साक्षीची उलटतपासणी करता येते.

उलटतपासणीचा आरंभ लेखकूच्या चुकांपासून व्हावयास पाहिजे. येथील लेखकू म्हणजे यंत्र. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन ते सव्वातीन मिनिटांत संपते. बारा इंची असली तर चार-साडेचार मिनिटे मिळतात. विद्युत्-ध्वनिमुद्रण १९२५ साली पाश्चात्य देशांत आले आणि काही वर्षांनी हिंदुस्थानात रूढ झाले. त्यापूर्वी गवयाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, त्यामुळे हलके स्वर पुसट येत आणि तंबोरा तर जवळजवळ ऐकूच येत नसे. सर्वांत फसवी बाब गतीची आहे. तबकडीवर ७८ फेऱ्या हा आकडा छापलेला असला तरी आरंभीच्या काळातील मुद्रणे त्याच गतीने झालेली असतीलच असे नाही. शिवाय चावीच्या यंत्रात कमान सैल पडू लागली की फेऱ्या कमी होतात. गती सहा टक्क्यांनी बदलली, म्हणजे ७८ च्या जागी सुमारे ७३-७४ फेऱ्या झाल्या, की संपूर्ण गायन अर्ध्या स्वराने खाली येते. काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी एकमध्ये ऐकू येते. एवढेच नव्हे तर लय संथ होते आणि आवाजाचा पोतही जाड भासतो. दोन घरच्या दोन यंत्रांवर ऐकलेल्या एकाच तबकडीविषयी दोन रसिक हट्टाने भांडतात, तेव्हा पुष्कळदा ते गवयाविषयी बोलत नसून कमानीविषयी बोलत असतात. ह्यावर एक ढोबळ उपाय आहे. साथीस पेटी असेल तर तिचा षड्ज हाताशी असलेल्या पेटीच्या एखाद्या पट्टीशी जुळतो की दोन पट्ट्यांच्या मधे पडतो, हे पाहावे. मधे पडत असेल तर गतीचा संशय धरावा. पेट्या सर्वत्र एकसारख्या लावलेल्या नसत, म्हणून हा पुरावा निर्णायक नाही. पण संशय घेण्यास पुरेसा आहे.

खानदेशात ह्यात आणखी एका दोषाची भर पडते. ह्या तबकड्यांत लाख असते, आणि लाख उष्णतेने मऊ होते. ज्या मुलखात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे निष्काळजीपणे कलती ठेवलेली तबकडी दोन-तीन उन्हाळ्यांत वाकते, आणि वाकलेल्या तबकडीवरील प्रत्येक दीर्घ स्वर फेरीगणिक हेलकावे खातो. असा हेलकावा आंदोलन समजून ऐकला जाणे अशक्य नाही. दरबारीतील गंधाराची वाखाणणी करण्यापूर्वी त्याच तबकडीवरील षड्जही हेलकावतो काय, हे पाहणे इष्ट.

यंत्राचे दोष काढून टाकल्यावर एक नाजूक गोष्ट शिल्लक राहते : यंत्राने गवयाकडून काय करवून घेतले? वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' ह्या १९६१ सालच्या ग्रंथात स्वर आणि लय ह्या दोन तत्त्वांच्या प्रमाणावरून घराण्यांची मांडणी केलेली आहे. तीत किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि जयपूर ह्या दोहोंच्या समतोलावर येते. ही मांडणी बैठकीच्या अनुभवावर उभारलेली आहे आणि बैठकीपुरती ती पुष्कळ अंशी पटण्याजोगी आहे. परंतु केवळ तबकड्यांवर वाढलेला रसिक ती वाचतो तेव्हा अडखळतो. त्याच्याजवळील अब्दुल करीमखाँ सावकाश बढत करणारे नाहीत. तीन मिनिटांत त्यांना स्थायी, अंतरा, आलाप, सरगम आणि तान हे सर्व बसवावयाचे आहे. मुखडा भराभर येतो आणि शेवटची तान तबकडी संपता संपता कशीबशी समेवर पोहोचते. त्याउलट जयपूर घराण्याच्या गायिकेची तबकडी लावली तर तीही तेवढ्याच वेळात तेवढेच करते. बढतीच्या अंगाने पाहिले तर तबकडीवर सगळी घराणी एकमेकांच्या जवळ सरकलेली दिसतात. ह्यावरून वामनरावांची मांडणी खोटी ठरत नाही. बढत ही गोष्ट तीन मिनिटांच्या साक्षीच्या कक्षेबाहेरची आहे एवढेच ठरते.

मग कक्षेतले काय? स्वर लावण्याची तऱ्हा, आवाजाचा पोत, तानेचा दाणा, बोलांचे उच्चारण, मुखडा उचलण्याचा क्षण. ह्या गोष्टींना अवकाश लागत नाही; त्या एका श्वासातही ओळखू येतात. अब्दुल करीमखाँ यांचा षड्ज कानी पडताच त्यांची ओळख पटते, त्यासाठी अर्ध्या तासाची बढत लागत नाही. म्हणून तबकड्यांवरून 'अमका गवई राग अधिक विस्ताराने मांडतो' असे विधान करणारा रसिक साक्षीला जे ठाऊक नाही ते तिच्या तोंडी घालतो. आणि 'अमक्याचा पंचम तमक्यापेक्षा अधिक निवांत लागतो' असे म्हणणारा रसिक बैठकीतल्या जाणकाराइतक्याच अधिकाराने बोलत असतो. किंबहुना अधिक अधिकाराने, कारण त्याने तो पंचम पन्नास वेळा ऐकलेला आहे आणि बैठकीतल्या जाणकाराने एकदा.

साक्षी बदलली की गवई कसा बदललेला भासतो, ह्याचे उत्तम उदाहरण उस्ताद अमीरखाँ यांचे आहे. खानदेशाच्या उत्तरेस सातपुडा ओलांडला की इंदूर. तेथील हे गवई अतिविलंबित लयीचे आणि चिंतनशील आलापीचे प्रतीक मानले जातात. ही प्रतिमा घडविण्यात १९६० च्या दीर्घवादन तबकडीवरील मारवा आणि दरबारी यांचा वाटा फार मोठा आहे. परंतु त्यांच्या आरंभीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्याच बैठकीत आधी लावल्या तर निराळेच अमीरखाँ भेटतात : चपळ, तानेचा आवेग असलेले, देवासच्या रजबअलीखाँ यांची आठवण करून देणारे. ह्या दोहोंतील अंतर वयाने पडले, चिंतनाने पडले, की तीन मिनिटांच्या जागी वीस मिनिटे मिळाल्याने पडले? तिन्ही कारणे खरी असावीत. पण जो रसिक केवळ दीर्घवादन तबकडी ऐकून पहिल्या अमीरखाँना 'अपरिपक्व' ठरवतो, तो तिसरे कारण विसरलेला असतो. आणि दोन्ही मुद्रणांत समान असे जे उरते, मंद्रातील तो भरीव, दाब न देता लावलेला आवाज, ते अमीरखाँ यांचे स्वतःचे होय, यंत्राचे नव्हे.

आता जळगावकडे वळावयाचे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८-१९६७), यांनी बालपणी जळगावास नातलगांकडे राहून मेहबूबखाँ यांच्यापाशी गायनाचे पहिले धडे घेतले. हा वारसा जळगाव आपला मानते. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव तेथे भरत असतो. पुढे १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाची पदे भास्करबुवा बखले यांनी बांधली. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका विद्युत्-ध्वनिमुद्रणाच्या आधीच्या आहेत आणि नंतरच्याही आहेत, त्यामुळे तुलनेला त्या विशेष सोयीच्या. आधीच्या तबकड्यांत आवाज उंच आणि काहीसा धारदार ऐकू येतो, नंतरच्यांत गोलाई येते. ह्या गोलाईला 'परिपक्वता' म्हणण्याचा मोह टाळावयास हवा. तिचा काही अंश ध्वनिग्राहकाचा आहे. उलट शब्द स्वरांत विरघळवूनही स्पष्ट राखण्याची हातोटी, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट न तोडणारी मींड, ह्या दोन गोष्टी दोन्ही काळांतील तबकड्यांत सारख्याच आहेत. त्या यंत्राच्या असू शकत नाहीत.

रंगभूमीवरचे बालगंधर्व तबकडीवर नाहीत, ही तक्रार रास्त आहे. 'वन्स मोअर' घेत घेत वाढत जाणारे पद, तिरखवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि कांबळे यांचा ऑर्गन, ह्या साऱ्यांचा मिळून होणारा परिणाम तीन मिनिटांत मावणारा नव्हता. 'नाथ हा माझा' हे यमनमधील पद तबकडीवर ऐकणाऱ्याला त्याचा आराखडा मिळतो, त्याची रात्र मिळत नाही. परंतु ह्याच मर्यादेमुळे एक अनपेक्षित लाभ होतो. आटोपशीरपणाच्या सक्तीने गायकाने जे टाकले नाही, ते त्याला अत्यावश्यक वाटले असले पाहिजे. तबकडी ही गायकाने स्वतःच केलेली निवड आहे, आणि निवडीवरून माणूस कळतो.

येथे पाठचिकित्सेची दृष्टी खरी उपयोगी पडते. भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. बडोद्याचे फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि जयपूरचे अल्लादियाखाँ ह्या तिघांची विद्या ज्यांच्या गळ्यात एकत्र आली असे सांगतात, तो गळा आज कोणालाही ऐकता येत नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी तेवढ्या आहेत. मूळ ग्रंथ हरवला, पण त्यावरून उतरलेल्या पोथ्या आहेत. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव (१८९८-१९७४) हे दोघे भास्करबुवांचे शिष्य आणि दोघांच्याही तबकड्या विपुल. दोघांची प्रकृती अत्यंत भिन्न. कृष्णरावांचे गाणे खेळकर, अनपेक्षित जागी वळणारे, स्वरांचे तुकडे उधळणारे. बालगंधर्वांचे अखंड, लडिवाळ, कधीही घाई न करणारे. म्हणूनच त्यांच्यात जे समान सापडते त्याला किंमत आहे. मुखडा समेच्या अंगाने कसा सहज घरंगळत येतो, तान शब्दाच्या शेवटी न चिकटवता शब्दाच्या पोटातून कशी निघते, आणि लय पुढे असूनही ती दाखविली कशी जात नाही, ह्या तीन बाबी दोघांच्याही तबकड्यांत वारंवार आढळतात. त्या भास्करबुवांकडून आल्या असाव्यात असे अनुमान करता येते.

परंतु चिकित्सक येथे थांबणार नाही. दोन्ही साक्षी रंगभूमीवरील आहेत. समान गुण गुरूचा नसून रंगभूमीचा असण्याचा संभव आहे. मराठी नाट्यपदाने सर्वच गायकांकडून शब्दाची आणि आटोपशीरपणाची मागणी केली. म्हणून तिसरी साक्षी हवी, जी त्याच गुरूची पण मराठी रंगभूमीबाहेरची असेल. पंजाबचे दिलीपचंद्र वेदी हे भास्करबुवांकडे शिकले आणि त्यांचा मराठी नाटकाशी संबंध नव्हता. त्यांचे ध्वनिमुद्रण ह्या दोघांशेजारी ठेवले की शब्दांच्या पोटातून निघणारी तान मागे पडते. तो भाग बहुधा रंगभूमीचा. मुखड्याची सहजता मात्र तेथेही जाणवते. इतके बारीक अनुमान काही तबकड्या, एक यंत्र आणि तीन-चार जागरूक कान ह्यांच्या बळावर होऊ शकते. त्यासाठी मुंबईस जावे लागत नाही.

अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) यांच्या बाबतीतही हाच प्रयोग होतो, कारण त्यांचीही ध्वनिमुद्रिका नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ह्या थेट शिष्या; मल्लिकार्जुन मन्सूर हे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ ह्या पुत्रांकडे शिकलेले, म्हणजे एक पिढी पुढची प्रत. केसरबाईंच्या भैरवीची साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, हे आता सर्वांस ठाऊक आहे. एका छोट्या तबकडीकडून साऱ्या मानवजातीची साक्ष काढण्याचा तो प्रकार रसिकांना मौजेचा वाटावा. येथे बाकीच्यांनी तरी एकाच साक्षीवर भिस्त ठेवू नये. केसरबाईंच्या दमदार आकारालाच जयपूर गायकी समजणाऱ्याने मोगूबाईंची लयीची गुंफण ऐकावी, आणि मग मन्सूरांचा अखंड वाहता ओघ. तिघांतही तान सरळ चालत नाही, वळसे घेत चालते. ती त्या गायकीची खूण.

ह्या उपमेची मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. लेखकूचे काम नक्कल करणे हे आहे, आणि तो बदल करतो तेव्हा ती चूक असते. ख्यालगायनात केवळ नक्कल करणारा शिष्य हा कमी प्रतीचा मानला जातो. तेव्हा दोन शिष्यांतील भेद हे अपपाठ नव्हेत. पुष्कळदा तेच त्या गायकीच्या जिवंतपणाचे लक्षण असते. तुलनेने गुरूचा शोध घेता येतो, पण शिष्याचे मोल त्या शोधाने ठरवू नये. 'गुरूसारखे गात नाही' हा रसिकांच्या वादातील नेहमीचा शेरा म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही.

पुनःश्रवणाचा एक दुष्परिणामही आहे. तबकडीवर एकदाच घडलेला अपघात पन्नास वेळा ऐकला की तो नियम वाटू लागतो. गवयाचा श्वास जेथे तुटला तेथे रसिक 'जागा' पाहतो. बाजू संपत आली म्हणून घाईने घेतलेली तान शैलीचा भाग समजली जाते. पुढच्या पिढीतील गायक ती तान जशीच्या तशी गातात आणि श्रोते त्यांना दाद देतात. नाट्यपदांच्या बाबतीत हे विशेष घडले आहे : तबकडीचा आराखडा हेच पदाचे मूळ रूप मानून, बालगंधर्व ज्या पदात दर रात्री नवे काही भरीत असत, ते पद आज सव्वातीन मिनिटांत जसेच्या तसे म्हटले जाते. महोत्सवात एखादा तरुण गायक पद वाढवू लागला की 'तबकडीत असे नाही' अशी कुजबूज ऐकू येते. ही कुजबूज साक्षीलाच ग्रंथ समजण्याची चूक होय.

ह्यावर उपाय म्हणून काही श्रोतृमंडळांत पाळली जाणारी एक साधी प्रथा येथे नोंदविण्यासारखी आहे. यजमानाने तबकडीवरील नावाची चिठ्ठी झाकून ठेवावयाची, सर्वांनी मत द्यावयाचे, मग नाव उघडावयाचे. नाव आधी कळले की कान नावाच्या मागे जातो. झाकल्या नावाने ऐकताना नामवंत गवयाच्या गायनाला कोणीतरी 'कोरडे' म्हणून जातो, आणि मग त्या मताचे समर्थन करताना किंवा ते मागे घेताना त्याला खरा विचार करावा लागतो.

लाखेची तबकडी, दीर्घवादन तबकडी, फिती आणि कॅसेट ह्या क्रमाने आज ही सारी सामग्री भ्रमणध्वनीत येऊन बसली आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ह्या संस्थेने, तसेच मायकल किनियर यांच्या सूचींसारख्या कामांनी, तबकड्यांचे क्रमांक, काळ आणि छाप यांची नोंद ठेवण्याचे मोठे कार्य केले. पण धुळ्याच्या रसिकाने जळगावच्या मित्रास पाठविलेल्या ध्वनिमुद्रणाबरोबर ती नोंद बहुधा जात नाही. कोणत्या तबकडीवरून, कोणत्या गतीने उतरले, मधली खरखर काढताना आवाजाचा कोणता अंश गेला, दोन बाजू जोडून एक केल्या आहेत काय, ह्यांपैकी काहीही कळत नाही. लेखकूचे नाव, शक आणि गाव पुसून टाकलेल्या पोथीसारखीच ही अवस्था आहे. निदान तबकडीचा छाप आणि क्रमांक सोबत पाठविण्याची सवय लागली, तर तुलनेला पाया राहील.

आणि पाया असला तरी काही गोष्टी तुलनेच्या हाती लागणार नाहीत. मेहबूबखाँ यांनी जळगावात एका लहान मुलाला काय शिकविले, त्याचा स्वर कसा लावून घेतला, हे बालगंधर्वांच्या तबकड्यांत कोठेतरी असलेच पाहिजे. पण त्यावर भास्करबुवांच्या तालमीचा, रंगभूमीचा आणि स्वतः बालगंधर्वांच्या प्रतिभेचा थर चढलेला आहे, आणि एकाच साक्षीतून इतके थर वेगळे काढता येत नाहीत.